ब्रेक जाम, पिन जाम

तर झालं असं, की ह्या विकांताला निवांत पडून राहायचं ठरवलं होतं. शुक्रवारी रात्री दोन वाजेपर्यंत ऑफिसचा घोळ निस्तरला होता. त्यामुळे शनिवारी दहाच्या आत मला कोणी उठवायचं नाही, असा घरात वटहुकूम निघाला होता. साडेसातला मामाचा फोन. "अरे, मोकळा आहेस ना? जरा ये. टँकर हलत नाहीये."

मी कॉम्प्युटर इंजिनियर आहे हे मामाला कित्येक वर्षं सांगतोय. त्याच्या लेखी इंजिनियर म्हणजे पाना धरणारा माणूस. असो. विरारहून बाईक काढली आणि निर्मळच्या पुढे त्याच्या वाडीत गेलो.

मामाकडे ट्रॅक्टरमागे लावायचा दोन चाकी पाण्याचा टँकर आहे. जुना, कोणाकडून तरी घेतलेला. उन्हाळ्यात लांबच्या केळीला पाणी घालायला वापरतो. जूनमध्ये त्याने ट्रॅक्टर-टँकर दोन्ही आंब्याखाली उभे केले, टँकरचा हँडब्रेक गच्च ओढला आणि दसरा उलटेपर्यंत तिकडे फिरकला नाही. चार महिने वसईचा पाऊस आणि वर समुद्राचा खारा वारा. आता ट्रॅक्टर चालू होत होता, पण टँकरची चाकं जागची हलायला तयार नाहीत. बरं, टँकर तिथेच सोडून ट्रॅक्टर तरी काढावा, तर हुकातली पिन गंजून एकजीव झालेली. ब्रेक जाम, पिनही जाम.

मिस्त्री आला, सोबत सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. मिस्त्री म्हणाला, "ट्रॉलीला ब्रेक ठेवतं कोण? तुमच्या मामांची हौस." हे खरं आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरमागे धावणाऱ्या बहुतेक ट्रॉल्यांना चालू स्थितीतला ब्रेक नसतोच. थांबायचं काम ट्रॅक्टरने करायचं, मागचं वजन त्याच्या पाठीवर येऊन आदळणार. मामाच्या टँकरला निदान हँडब्रेक होता, आणि नेमका तोच आता नडला होता.

पिनीवर रॉकेल सोडून पोरगा तिच्याशी झटत बसला. मिस्त्री टँकरखाली शिरला. ब्रेकचं ॲडजस्टमेंट सैल केलं आणि ड्रमवर गोल फिरत हातोडीचे ठोके द्यायला लागला. (ड्रमच्या आत रॉकेल सोडू का, असं मी विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा तोंड उघडलं नाही. लायनरला तेल लागलं की तो ब्रेक कायमचा गेला.) पंधराएक मिनिटांनी आतून "कट्ट" असा आवाज झाला. गंजाने ड्रमला चिकटलेला लायनर सुटला, चाक मोकळं झालं.

आणि टँकर पुढे सरकला. वाडीची जमीन विहिरीकडे उतरती आहे आणि टँकर ट्रॅक्टरच्या वरच्या अंगाला. चाकाला दगड कोणीच लावला नव्हता. सरकला किती, तर बोटभर. टँकरची कडी आणि ट्रॅक्टरचा हूक यांच्यात जेवढी ढिलाई होती तेवढाच. पण पोराचं बोट नेमकं त्याच ढिलाईत होतं. बोट वाचलं, नख गेलं. टँकर रिकामा होता म्हणून. भरलेला असता तर चार हजार लिटर, म्हणजे चार टन नुसतं पाणी.

ब्रेक अडकला होता तोपर्यंत सगळे सुरक्षित होते. तो आम्ही "दुरुस्त" केला आणि त्या क्षणी माणूस जखमी झाला. हे काही डोक्यातून जाईना.

संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधल्या काकांकडे गेलो. काका रेल्वेत टीएक्सआर होते, म्हणजे गाडी सुटायच्या आधी खाली वाकून डबे-वाघिणी तपासणारे. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "ब्रेक जाम नको म्हणू, ब्रेक बाइंडिंग म्हण. आणि आधी मला सांग, चाकाला पाचर लावली होती का?" मग चहा आला आणि पुढचे दोन तास कसे गेले कळलं नाही. रविवारी मी बाकीचं वाचून काढलं. ओढून नेलेल्या वजनाला थांबवायचं कसं, ह्या प्रश्नावर रेल्वेवाल्यांनी दीडशे वर्षं डोकं फोडलंय, आणि त्याची बरीच किंमत माणसांनी मोजली आहे.

सुरुवात आमच्या विरारपासूनच करता येते. मुंबईची आद्य लोकल म्हणून जिचं नाव घेतात ती गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला गेली. बीबीसीआय रेल्वेची. सकाळी जायची, संध्याकाळी परत यायची, दिवसाला एवढी एकच. त्या काळात डब्याडब्याला ब्रेक ही भानगडच नव्हती. हाताने फिरवायचा ब्रेक इंजिनाकडे आणि तसाच गार्डाच्या डब्यात. ड्रायव्हरने शिटी मारायची, ती ऐकून गार्डाने चाक फिरवायचं. मधले डबे मामाच्या शेजाऱ्यांच्या ट्रॉलीसारखे, नुसते ओढले जाणारे. गार्डाच्या डब्याला आजही ब्रेक व्हॅन म्हणतात ते त्यामुळे. पार्सल "ब्रेकमध्ये टाकलं" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

विरार ते मुंबई सपाट, त्यामुळे इथे हे खपून गेलं. घाटात खपलं नाही. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. खंडाळ्याच्या खाली एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे गाडी कड्याच्या टोकाशी थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढे निघायचं. जानेवारी १८६९ मध्ये घाट उतरणारी मेलगाडी तिथे थांबलीच नाही. ब्रेक लागले नाहीत, गाडी स्टेशन ओलांडून गेली. घाटात पुढे कॅच सायडिंग आल्या त्या असल्याच अनुभवांतून. सुटलेल्या गाडीला मुख्य रुळावरून बाजूला घेऊन चढावर घालायचं, की आपोआप थांबते.

त्याच वर्षी, १८६९ मध्येच, अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस नावाच्या बावीस वर्षांच्या पोराने हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. (बावीस! त्या वयात मी कॅम्पसच्या ऑफर लेटरची वाट बघत होतो. :-) ) इंजिनात दाबलेली हवा, ती नळीतून प्रत्येक डब्याला पोचवायची, हवा गेली की ब्रेक लागला. पहिल्यांदाच सगळ्या गाडीचा ब्रेक एका माणसाच्या हातात आला. पण ह्या रचनेत एक गोची होती. नळी तुटली तर हवा पोचणार नाही आणि ब्रेक लागणार नाही. म्हणजे सगळं सुरळीत असताना छान, बिघडलं की काहीच नाही.

१८७२ मध्ये त्यानेच हे उलटं फिरवलं. प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी ठेवली. मुख्य नळीत दाब आहे तोपर्यंत ब्रेक सुटलेला. दाब गेला, मग तो ड्रायव्हरने घालवलेला असो, नळी तुटलेली असो की कपलिंग सुटून गाडीचे दोन तुकडे झालेले असोत, त्या टाकीतल्या हवेने ब्रेक लागणार. थोडक्यात, ब्रेक लागलेला असणं ही गाडीची मूळ अवस्था. सुटलेला ठेवायला मेहनत लागते. आपली साखळी ओढल्यावर गाडी थांबते तीही ह्याच तत्त्वावर. साखळी ड्रायव्हरला निरोप देत बसत नाही, नळीतली हवा सोडून देते.

एवढं सोपं, एवढं शहाणं, तरी पटायला माणसं मरावी लागली. १२ जून १८८९, आयर्लंडमधलं आर्मा. रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहलीची गाडी, खच्चून भरलेली, चढावर अडकली. कर्मचाऱ्यांनी ठरवलं की गाडी मधून तोडू, पुढचे डबे वर नेऊन ठेवू, मग मागचे दहा न्यायला येऊ. त्या गाडीचा ब्रेक निर्वात पोकळीवर चालणारा होता, पण साधा, आपोआप लागणारा नव्हे. डबे सोडले की ब्रेक गेला. मागच्या दहा डब्यांना आधार उरला तो गार्डाच्या हातब्रेकचा आणि चाकांखाली घातलेल्या दगडांचा. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, मागच्यांना धक्का लागला, दगड फुटले. डबे उतारावरून मागे धावत जाऊन पाठून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत बरीचशी मुलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला: प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा.

आपल्याकडे ब्रिटिशांमागोमाग आला तो आपोआप लागणारा व्हॅक्यूम ब्रेक. इंजिन नळीतली हवा शोषून घेतं, पोकळी आहे तोवर ब्रेक मोकळा, हवा आत शिरली की लागला. तत्त्व वेस्टिंगहाउसचंच. पण त्याला एक छत आहे. वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त जोर तो लावूच शकत नाही, आणि व्यवहारात पोकळी ७६ पैकी ५३ सेंटिमीटर पाऱ्याच्या आसपासच राखतात. हवेचा ब्रेक चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबावर चालतो. त्यामुळे लांब, जड मालगाड्या आल्यावर व्हॅक्यूम पुरेना. १९८० च्या दशकात हवेच्या ब्रेकच्या बॉक्स-एन वाघिणी आल्या आणि हळूहळू व्हॅक्यूम मागे पडला.

आता मुद्द्यावर. बिघडला की लागतो असा ब्रेक केला, तर साहजिकच तो नको तेव्हाही लागून बसणार. हेच ब्रेक बाइंडिंग. चाक घासत राहतं, तापतं, धूर निघतो. चाक साफ अडकलं तर रुळावरून घसटत जातं आणि एका जागी चपटं होतं. रात्री मालगाडी जाताना एखाद्या वाघिणीचा ठक-ठक-ठक असा लयीत आवाज येतो ना, तो बऱ्याचदा त्या चपट्या डागाचा.

कारणं अनेक. कुठे गळती, कुठे अडकलेला दांडा, कुठे यार्डात कोणी ओढून विसरलेला हँडब्रेक (मामा!). पण काकांनी सांगितलेलं एक कारण ऐकून मी खुर्चीत ताठ बसलो. प्रत्येक डब्याखाली एक छोटी टाकी असते, कंट्रोल रिझर्व्हायर. "मोकळा ब्रेक म्हणजे किती दाब" हे ती लक्षात ठेवते. नळीतला दाब त्या आठवणीपेक्षा कमी झाला की डबा समजतो, ब्रेक लावायला सांगितलंय. आता समजा आधीच्या इंजिनाने नळी ५.२ किलोपर्यंत भरली. इंजिन बदललं. नवीन इंजिन ५ वर भरतं. ड्रायव्हरच्या लेखी ब्रेक पूर्ण सुटला, डब्याच्या लेखी अजून लागलेला, कारण त्याच्या डोक्यात जुना ५.२ बसलाय. बिघाड कुठेच नाही आणि गाडी हलत नाही! मग माणसाने प्रत्येक डब्यापाशी जाऊन एक दांडी ओढायची, ती टाकी रिकामी करायची, की डबा नव्याने शिकतो. व्हॅक्यूमच्या काळातही हाच प्रकार व्हायचा, फक्त दाबाऐवजी पोकळीचा. आमच्या धंद्यात ह्याला जुनी कॅशे म्हणतात आणि आम्हीही अगदी हेच करतो. दांडी ओढतो, पुसून टाकतो, पुन्हा चालू.

हे बघायला फार लांब जायला नको. वसई रोडला दिव्याकडून येणारी लाइन उत्तरेकडे तोंड करून मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेली बांद्रा-मडगाव गाडी म्हणूनच वसईत थांबून दिशा बदलते. एका टोकाचं इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं, नळ्या जोडायच्या, दाब भरायचा, आणि हवा शेवटच्या डब्यापर्यंत पोचते का ते बघायचं. डब्यातले लोक वैतागून घड्याळ बघत असतात. मीही बघायचो.

ती शेवटची तपासणी का लागते, ते १९८८ साली पॅरिसमध्ये दिसलं. २७ जून. मेलूनहून पॅरिसला येणारी लोकल. एका बाईच्या स्टेशनवर ही गाडी थांबत नव्हती, म्हणून तिने साखळी ओढली आणि उतरून गेली. ड्रायव्हर ब्रेक सोडवायला खाली आला आणि गडबडीत मुख्य नळीवरचा कॉक त्याच्या हातून बंद झाला. आता मागच्या डब्यांना हवाच पोचेना, त्यामुळे त्यांचे ब्रेक तसेच लागलेले. ब्रेक त्यांच्या भाषेत सांगत होते की नळी कुठेतरी बंद आहे. ड्रायव्हरला वाटलं, हवा अडकली असेल. गार्ड आणि तो, दोघांनी मिळून एकेका डब्याची हवा हाताने सोडून ब्रेक मोकळे केले. सुमारे अर्धा तास गेला. उशीर भरून काढायला कंट्रोलने पुढचा थांबाही गाळायला सांगितला. तिथे थांबायला गेला असता तर कदाचित वेळेत कळलं असतं. कळलं ते गार द ल्यों स्टेशनाकडे उतरताना. फक्त पुढचा ब्रेक उरला होता. समोर फलाटावर भरलेली गाडी उभी. ५६ माणसं गेली.

काकांना हे प्रकरण माहीत होतं. म्हणाले, "दांडी ओढायला पाच सेकंद लागतात रे. का लागलाय ब्रेक, हे शोधायला अर्धा तास. मागे गाड्या खोळंबलेल्या, फोन वाजतोय. तिथे माणूस चुकतो."

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाटेल की हवेचा ब्रेक म्हणजे देवच. उभ्या गाडीतली हवा हळूहळू गळून जाते. गळली की तो ब्रेकही सुटतो, कारण लावायला लागणारी टाकीतली हवाच उरत नाही. म्हणून उभ्या गाडीला हँडब्रेक आणि पाचर हवीच. २५ फेब्रुवारी २०२४ ला कठुआहून खडीची मालगाडी ड्रायव्हरशिवाय निघाली आणि सत्तरहून जास्त किलोमीटर धावून पंजाबात थांबली. कोणी मेलं नाही हे नशीब.

राहिली पिन. अमेरिकेत पूर्वी डबे कडी आणि पिनीनेच जोडत, थेट मामाच्या ट्रॅक्टरसारखे. माणसाने मध्ये उभं राहून, डबा अंगावर येत असताना, नेमक्या क्षणी पिन सोडायची. किती बोटं कमी आहेत त्यावरून माणसाचा अनुभव ओळखत, असं म्हणायचे. इलाय जॅनी ह्या दुकानातल्या कारकुनाने १८७३ साली ज्या कपलरचं पेटंट घेतलं, तो दोन हातांची वाकवलेली बोटं एकमेकांत अडकवावीत तसा आहे. डबे आदळले की आपोआप जुळतात. तरी अमेरिकेत कायदा व्हायला १८९३ उजाडलं. वीस वर्षं! शोध नव्हता म्हणून नाही, खर्च करायचा नव्हता म्हणून. इथे मला इंजिनियरांपेक्षा हिशेबनिसांचा राग येतो.

आपल्याकडे दोन बाजूंना बफर आणि मध्ये स्क्रू कपलिंग, ही ब्रिटिश पद्धत. जोडणारा माणूस वाकून बफरांच्या मध्ये शिरणार. मालगाड्यांना मधला कपलर आधी आला, डब्यांना फार उशिरा, जर्मन धर्तीच्या एलएचबी डब्यांबरोबर, २००० च्या सुमाराला. आणि तो आला तरी हवेच्या नळ्या हातानेच जोडायच्या, म्हणजे आत शिरणं संपलेलं नाहीच. ९ नोव्हेंबर २०२४ ला बरौनी स्टेशनवर इंजिन डब्यापासून सोडवताना एक कर्मचारी दोघांमध्ये चिरडून गेला. तो फोटो आला तेव्हा मी बघून पुढे सरकवला होता. आता पुन्हा शोधून बघायची हिंमत झाली नाही.

काकांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी आहे. आम्ही त्यांच्याच मजल्यावर राहतो, लहानपणापासून बघतोय, कधी विचारलं नव्हतं. काल विचारलं. "एका यार्डात. ड्रायव्हरला वाटलं मी बाहेर आलो." एवढंच म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

रविवारी दुपारी पुन्हा मामाकडे गेलो. पिन शेवटी तापवून काढली. त्याआधी टँकरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून जांभ्याचे चिरे लावले, ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून बंद केला आणि पिनीपाशी एकच माणूस, बाकीचे लांब. मामा म्हणाला, "एवढं काय त्यात?" पोरगा बोटाला चिंधी बांधून बाजूला उभा होता. त्याला डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं, तरी ह्या महिन्याचा पगार पूर्ण द्यायचा हे मिस्त्रीकडून कबूल करून घ्यायला मला आणखी अर्धा तास लागला.

मामाने आता हँडब्रेक काढूनच टाकायचं ठरवलं होतं. दरवर्षी कोण ही कटकट करणार? मी म्हटलं, ब्रेक राहू दे. पुढच्या जूनमध्ये ओढू नकोस, चिरे लाव, पिन काढून ग्रीस लावून ओट्यावर ठेव. तो "बघू" म्हणाला. मेच्या अखेरीला फोन करायचा म्हणून मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवली आहे.